झील धरणारी मंडळी

‘हे प्रभू, आम्हांवर दया कर.’ एक गायक ही ओळ म्हणतो आणि गप्प होतो. तीच ओळ, त्याच चालीत, चर्चमधली सगळी माणसं परत म्हणतात. मग पुढची ओळ. ती संपते न संपते तोच माणसांनी उचललेली असते. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी उभे असतात, तसंच हे. फरक एवढाच की झीलकऱ्यांचे गळे तयार असतात, आणि इथे बाकांवर बसलेली दीडशे साधी माणसं असतात. त्यांतल्या बहुतेकांना स्वरलिपी वाचता येत नाही आणि ही चाल ती आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत असतात.

जेफ्री बोमाँट या अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, धर्मगुरूने १९५६ साली लंडनमध्ये ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी फोक मास’ प्रसिद्ध केला. मास म्हणजे प्रभुभोजनविधीत गायच्या भागांचं संगीत. त्याचा कणा म्हणजे ही झील. त्या रचनेबद्दल जे बोललं गेलं ते बहुतेक तिच्या ढंगाबद्दल. नाचघरातलं, संगीतिकांतलं संगीत थेट वेदीसमोर आणलं, म्हणून काहींनी ती डोक्यावर घेतली आणि काहींनी नाकं मुरडली. मला तो वाद दुय्यम वाटतो. ढंग शिळा झाला, आणि फार लवकर झाला. तालीम न करता, कागद हातात न देता, अनोळखी माणसांच्या तोंडी नवी चाल कशी घालायची, ही गोष्ट मात्र बोमाँटला नीट कळली होती, आणि तिचं मोल आजही तसूभर कमी झालेलं नाही.

बोमाँट १९०३ चा. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात चॅपलेन, म्हणजे कॉलेजचा धर्मगुरू, होता, पुढे दक्षिण लंडनमधल्या कँबरवेलच्या सेंट जॉर्ज चर्चचा पाळक झाला. शेवटी मर्फील्डच्या ‘कम्युनिटी ऑफ द रेझरेक्शन’ या संन्यस्त संघात गेला आणि १९७० मध्ये वारला. फोक मास छापला तो योझेफ वाइनबर्गर या प्रकाशनसंस्थेने, जिचा मुख्य व्यवहार ऑपेरेटा आणि हलक्याफुलक्या रंगभूमीच्या संगीताचा. १९५७ मध्ये बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर तो दिसला, फ्रँक वीअरच्या वाद्यवृंदाने त्याची तबकडीही काढली. पॅट्रिक ॲपलफर्ड या तरुण धर्मगुरूला सोबत घेऊन बोमाँटने ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी चर्च लाइट म्युझिक ग्रुप’ उभा केला. नावातला ‘लाइट म्युझिक’ हा शब्द त्यांनी लपवला नाही, हे मला आवडतं. सुगम संगीतच करतो आहोत, असं ते सरळ सांगत होते.

‘फोक’ हा शब्द मात्र लोकांना बुचकळ्यात टाकतो. आपण ‘लोकसंगीत’ म्हटलं की डोळ्यांपुढे जात्यावरच्या ओव्या येतात. इंग्लंडमध्येही तसंच होतं आणि त्याला कारणही एक अँग्लिकन धर्मगुरूच होता. लंडनच्या प्रिमरोझ हिलवरच्या सेंट मेरी चर्चचा पाळक पर्सी डिअरमर एका तरुण संगीतकाराकडे गेला आणि म्हणाला, नव्या गीतपुस्तकाचं संगीत बघा, दोनेक महिन्यांचं काम आहे. तो तरुण म्हणजे राल्फ व्हॉन विल्यम्स. दोन महिन्यांचं काम दोन वर्षं चाललं, आणि १९०६ साली ‘द इंग्लिश हिम्नल’ बाहेर पडलं. व्हॉन विल्यम्स त्या काळात खेड्यापाड्यांत फिरून म्हाताऱ्या माणसांकडून गाणी टिपून घेत होता. सरे परगण्यातल्या फॉरेस्ट ग्रीन गावात १९०३ मध्ये ऐकलेलं नांगऱ्या पोराचं एक गाणं नाताळगीताची चाल बनलं. ससेक्समधल्या मंक्स गेट गावात एका बाईंकडून १९०४ मध्ये टिपलेलं खलाशांचं गाणं जॉन बन्यन या जुन्या इंग्रज लेखकाच्या यात्रेकरूवरच्या गीताला चिकटलं. दोन्ही चालींना त्या त्या गावाचं नाव पडलं आणि आज त्या ऐकताना कोणाच्याही मनात नांगर किंवा जहाज येत नाही.

यात मेख आहे. डिअरमरने घेतलेलं लोकसंगीत शहरी मंडळींच्या कानांवर पूर्वी पडलेलंच नव्हतं. त्या चालींना चर्चमध्ये येण्याआधीची आठवण चिकटलेली नव्हती, म्हणून त्या बिनबोभाट आत आल्या. बोमाँटचं म्हणणं वेगळं होतं. त्याच्या लेखी ‘फोक’ म्हणजे आज, या घडीला, कामावर जाणारा माणूस शीळ घालतो ते संगीत. ते घेतलं की आठवणीही सोबत येतात, कारण ती चाल काल रात्रीच कुठेतरी वाजलेली असते.

हा प्रश्न पार सोळाव्या शतकापासूनचा. मार्टिन ल्यूथरने दारूच्या गुत्त्यातल्या चाली चर्चमध्ये आणल्या, असं लोक सर्रास सांगतात. ती गैरसमजातून आलेली गोष्ट आहे. जर्मन गीतरचनेच्या एका घाटाला ‘बार’ म्हणतात, त्याचा अर्थ कोणीतरी गुत्ता असा घेतला. ल्यूथरने एका नाताळगीताला लोकांत चालणाऱ्या कोड्याच्या गाण्याची चाल दिली होती हे खरं. पण १५३९ मध्ये त्याच गीताला नवी चाल मिळाली आणि आज म्हटली जाते ती हीच. लोकप्रिय चाल घेणारा माणूससुद्धा तिच्यामागचे धागे तपासत होता, एवढं यावरून दिसतं.

आता झिलीकडे जवळून पाहू.

एकदा ऐकून परत म्हणता येईल अशी ओळ किती लांब असावी? चार मात्रांचे दोन बार (इथे बार म्हणजे तालाचं एक आवर्तन), म्हणजे आठ मात्रा. मिनिटाला शंभर मात्रांच्या लयीत हे पावणेपाच सेकंद होतात. साधारण एका श्वासात मावणारं, चार ते आठ शब्दांचं. सोळा मात्रांची ओळ दिली की जवळजवळ दहा सेकंद होतात आणि माणसं शेवटचा तुकडा तेवढा पकडतात, पहिला विसरतात. हे ज्याला दिसत नाही तो ‘आमच्या लोकांना गाताच येत नाही’ म्हणतो. ओळ तोडून अर्धी करून बघावी, तीच माणसं गातात.

एका अक्षराला एक स्वर, हा दुसरा नियम. हा बोमाँटच्याही आधी चारशे वर्षांचा. आर्चबिशप क्रॅनमरने १५४४ मध्ये राजाला लिहिलेल्या पत्रात हेच सुचवलं होतं आणि १५५० मध्ये जॉन मर्बेकने नव्या प्रार्थनापुस्तकाला तशीच चाल बांधून दिली. मर्बेकची चाल एकोणिसाव्या शतकात पुन्हा वर आली आणि इंग्लंडभर गायली गेली, कारण ती शिकवावी लागत नाही. सुगम संगीताचा गायक मात्र एका अक्षरावर तीन-चार स्वर घेतो, हरकत घेतो. ती त्याच्या गळ्याला शोभते. दीडशे माणसांनी ती हरकत घेतली की नुसता गोंगाट होतो. म्हणून मुख्य गायकाने झिलीसाठी ओळ देताना ती अगदी सपाट द्यायची. सजावट करायची असेल तर शेवटच्या आवर्तनात, आणि तीही माणसांच्या आवाजावर, त्यांच्या आधी नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत जास्त चुकते. ओळ देऊन झाली की गायकाने थांबायचं आणि मायक्रोफोनपासून पाऊलभर मागे सरायचं. होतं काय, की मंडळीची ओळही तो माइकवर म्हणतो, त्यांना आधार द्यायच्या भल्या हेतूने. भिंतीवरच्या स्पीकरमधून त्याचा आवाज येतो, शेजारच्या माणसाचा येत नाही, आणि आपण गायलो काय नि न गायलो काय, असं वाटून माणूस गप्प होतो. एक जण गप्प झाला की रांग गप्प होते. सहाव्या-सातव्या रांगेत उभं राहून बघावं. शेजाऱ्याचा आवाज ऐकू येत असेल तर ध्वनियंत्रणा बरोबर लावली आहे. येत नसेल तर वाद्यांचा आवाज उतरवायचा. गायकाचा माइक झिलीच्या वेळी बंद करता आला तर उत्तमच.

मागे सरताना हाताने खूण करायची, आणि ती खूण मात्रेवर नको, मात्रेच्या आधी हवी. माणसांना श्वास घ्यायला एक मात्रा लागते. हात समेवर पडला तर पहिला शब्द अर्ध्या लोकांचा हुकतो. ‘हे’ गळतं, ‘प्रभू’पासून आवाज येतो. एक मात्रा आधी तळहात वर उचलावा, समेवर खाली यावा. पहिल्या दोन वेळा ऑर्गन किंवा पियानोने चाल सोबत वाजवावी, तिसऱ्या वेळी नुसते सूरसंच (कॉर्ड) धरावेत.

याला वेळ लागतो, हेही लक्षात घेतलं पाहिजे. झील धरली की प्रत्येक भागाला दुप्पट वेळ लागतो. ‘दया कर’ला ते चालतं, ‘देवाच्या कोकरा’लाही. मतांगीकार, म्हणजे श्रद्धा जाहीर करणारा पाठ, मात्र लांबलचक आहे. तो ओळीओळीने परत म्हणवला तर उभी मंडळी थकते आणि उपदेशाआधीच घड्याळाकडे बघू लागते. तिथे सरळ बोलून म्हणावा किंवा मर्बेकच्या चालीत न थांबता म्हणावा, असं माझं मत आहे. सगळंच नवं करण्याचा हट्ट इथे अंगाशी येतो. एका रविवारी एकच नवा भाग घ्यावा, उपासनेआधी पाच-सात मिनिटं तो म्हणवून घ्यावा, आणि निदान चार रविवार तोच ठेवावा. दुसऱ्या रविवारी माणसांना चाल अर्धीमुर्धी आठवते आणि तिसऱ्या रविवारी ती त्यांची होते. दर आठवड्याला नवं गाणं आणणाऱ्या धर्मगुरूची मंडळी कायम शिकाऊच राहते.

ढंग शिळा का झाला, तेही पाहायला हवं, कारण आजही हे रोज घडतं. १९५६ मध्ये बोमाँट त्रेपन्न वर्षांचा होता. त्याने लिहिलेल्या सूरसंचांत सहावे आणि सातवे स्वर मिसळलेले, लय संगीतिकेतल्या सावकाश नाचाची. हे १९३० च्या दशकातलं सुगम संगीत होतं, त्याच्या स्वतःच्या तरुणपणातलं. आणि नेमक्या १९५६ च्या जानेवारीत लॉनी डॉनेगनचं स्किफल, म्हणजे गिटार आणि घरगुती वाद्यांवरचं धावतं संगीत, ब्रिटनच्या पोरांनी उचलून धरलं होतं, रॉक अँड रोल दारात उभं होतं. पंचवीस वर्षं मागचा ढंग घेऊन तो ‘आजचं संगीत’ म्हणून उभा राहिला. धर्मगुरू लोकप्रिय संगीत आणतो तेव्हा बहुधा तो स्वतः विशीत असताना लोकप्रिय असलेलं संगीत आणतो. त्यात खोटेपणा नसतो. माणसाच्या कानात तेच मुरलेलं असतं. पण ते तरुणांसाठी आणलं आहे असं म्हणू नये. पन्नाशीच्या माणसांना ते जवळचं वाटतं, आणि पन्नाशीची माणसंही मंडळीच आहेत.

बोमाँट आणि ॲपलफर्डच्या गटाने १९६० मध्ये तीस नव्या चालींचं पुस्तक काढलं, १९६२ मध्ये आणखी एक. त्यांतल्या पुष्कळ चाली विरून गेल्या, काही राहिल्या. बोमाँटची ‘हॅदरप कासल’ राहिली. ॲपलफर्डची ‘लिव्हिंग लॉर्ड’ राहिली, तिचे शब्दही त्याचेच. आणि मायकेल ब्रायर्ली या दुसऱ्या धर्मगुरूची ‘कँबरवेल’ राहिली, जिला बोमाँटच्या चर्चच्या वस्तीचंच नाव आहे. ही चाल येशूच्या नावापुढे प्रत्येक गुडघा टेकेल, या अर्थाच्या १८७० मधल्या गीताला लावलेली. त्याच गीताला व्हॉन विल्यम्सची ‘किंग्ज वेस्टन’ ही भारदस्त, कोमल सुरांची चाल होती आणि आहे. ‘कँबरवेल’ उड्या मारत जाते, रस्त्यातून मिरवणूक निघाल्यासारखी. दोन्ही चाली शेजारी ठेवून म्हणून पाहिल्या की शब्दांचा अर्थच हलतो. एकीत गुडघे टेकलेले आहेत, दुसरीत माणसं राजाला बघायला धावत सुटली आहेत. राहिलेल्या चाली कोणत्या, हे नीट बघितलं तर दिसतं की सोबतीचा नखरा काढून टाकला तरी, एका पियानोवर किंवा नुसत्या गळ्याने, त्या उभ्या राहतात.

आता इमारत. दगडी चर्च हे स्वतःच एक वाद्य आहे आणि ते लोकप्रिय संगीतासाठी बांधलेलं नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथीड्रलमध्ये, ते काँक्रीटचं असलं तरी, आवाज विरायला सुमारे सात सेकंद लागतात. मिनिटाला १२० मात्रांच्या गाण्यात एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे पहिला ठोका विरेपर्यंत चौदा ठोके पडून गेलेले असतात. तिथे ढोल वाजवला की नुसता चिखल ऐकू येतो. याच कॅथीड्रलमध्ये २१ मे १९६५ रोजी चार्ल्स गॉम्पर्ट्झ या एपिस्कोपल धर्मगुरूच्या विनंतीवरून जॅझ पियानोवादक विन्स ग्वाराल्डीने प्रभुभोजनविधीला संगीत दिलं. एपिस्कोपल म्हणजे अमेरिकेतले अँग्लिकन. दीड वर्ष तयारी चालली होती. त्याने मोठा वाद्यवृंद बसवला नाही. पियानो, डबल बास आणि ड्रम, इतकंच. गाणारी होती सॅन राफाएलच्या सेंट पॉल चर्चची मुलं, आणि त्यांनी बरंचसं जुन्या, साध्या मंत्रपठणाच्या चालीतच म्हटलं. वरची ओळ सावकाश, सरळ, घुमाऱ्यात न हरवणारी, आणि खाली पियानो आपली जॅझची वाट चालतो आहे. या एका निवडीमुळे ते संगीत त्या प्रचंड इमारतीत ऐकू आलं. ड्रम काठ्यांऐवजी ब्रशने वाजवणं, बासचा स्वर लांबवत न ठेवता तोडणं, पियानोचा पेडल जपून वापरणं, हे सगळं दगडी चर्चमध्ये कामी येतं. दगडात तीव्र सुरांपेक्षा खर्ज जास्त वेळ रेंगाळतो, म्हणून बास गिटारचा आवाज आधी उतरवायचा, बाकीचं नंतर.

तालीम रिकाम्या चर्चमध्ये होते आणि उपासना भरलेल्या. माणसांचे कपडे आवाज शोषतात, त्यामुळे तालमीला जो घुमारा होता तो रविवारी कमी होतो, आणि तालमीत मुद्दाम सावकाश ठेवलेली लय अचानक रटाळ वाटू लागते. दोन लयी तयार ठेवाव्यात. नाताळला जलद, एरवीच्या तुरळक सकाळी सावकाश.

ऑर्गन आणि बँड एकत्र वाजवायचे असतील तर दोन अडचणी येतात. पहिली सुरांची. थंडीत हवेतला ध्वनीचा वेग घटतो आणि ऑर्गनच्या नळ्यांचा सूर उतरतो. दर अंश सेल्सिअसला सुमारे तीन सेंट, आणि एका अर्धस्वराचे शंभर सेंट. अठरा अंशांना जुळवलेला ऑर्गन आठ अंशांच्या सकाळी जवळजवळ तीस सेंट खाली असतो. गिटार उतरवून जुळवता येते, इलेक्ट्रिक कीबोर्डचा सूर बटणाने खाली आणता येतो, पण पियानोचं काहीच करता येत नाही. त्या दिवशी पियानो आणि ऑर्गन एकमेकांना सोडूनच वाजवावेत. दुसरी अडचण अंतराची. ऑर्गन मागच्या सज्जात आणि बँड वेदीजवळ, मध्ये तीस मीटर असतील तर आवाजाला पोचायला सेकंदाचा अकरावा भाग लागतो. ऐकायला हे क्षुल्लक वाटतं, पण तालात बसणाऱ्या संगीतात ते घसरल्यासारखं ऐकू येतं, आणि दोन्ही वादक एकमेकांची वाट बघत बघत लय खाली खेचत जातात. त्यावर उपाय एकच. एक कडवं बँडने घ्यायचं, एक ऑर्गनने.

पट्टीबद्दल थोडं. सामान्य मंडळीला झेपणारा आवाका लहान असतो. पेटीच्या पांढरी एकचा षड्ज धरला तर मंद्र धैवतापासून तार रिषभापर्यंत, पुरुषांचा त्याच्या एक सप्तक खाली. सकाळी आठच्या उपासनेत वरचा एक स्वर आणखी कापावा. ध्वनिमुद्रित गाण्यांत अंतरा खाली गुणगुणत आणि धृपद सप्तकभर वर, अशी मांडणी फार असते, कारण त्याने गाणं पेट घेतं. पण त्यामुळे आवाका दीड सप्तकाच्याही पुढे जातो. धृपद आलं की अर्धे पुरुष वर जायचा प्रयत्न करतात, अर्धे खाली उतरतात, आणि जिथे आवाज भरून यायला हवा तिथेच सभागृह फुटतं. पट्टी दोन-तीन अर्धस्वर उतरवून भागत नाही, मग अंतरा खाली बुडतो. अंतरा एकट्या गायकाने म्हणावा आणि धृपद तेवढं मंडळीच्या पट्टीत ठेवून त्यांना द्यावं. फिरून फिरून आपण झिलीपाशीच येतो.

मूळ गायक समेच्या जरा आधी शब्द उचलतो, ठेका चुकवून परत येतो, त्याचंही असंच. दीडशे माणसं तो शब्द समेवरच टाकणार. त्यांना दुरुस्त करत बसू नये. ती कशी म्हणतात ते दोन रविवार ऐकावं आणि कागदावर तसंच लिहून बँडला द्यावं.

गाणं विधीत कुठे बसवायचं, यावरही पुष्कळ अवलंबून असतं. चर्च ऑफ इंग्लंडच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत अगदी शेवटी येतं, प्रभुभोजन झाल्यावर, आणि जोरकस चालीला ती जागा फार छान आहे. ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ मात्र त्याआधी धर्मगुरू म्हणतो त्या प्रस्तावनेच्या प्रार्थनेला लागूनच येतं. तो ज्या सुरावर थांबतो त्या सुरातून बँडला उचलता आलं पाहिजे. मध्ये चार बारचा प्रारंभ वाजवला तर वाक्य तुटतं. प्रसाद वाटपाच्या वेळी चार मिनिटांचं ठरीव गाणं घेऊ नये. कधी माणसं साठ असतात, कधी एकशे साठ, आणि गाणं संपल्यावर उरलेली रांग अवघडून शांततेत उभी राहते. जे कुठेही थांबवता येतं, कितीही वेळा फिरवता येतं, असंच तिथे हवं.

२००५ मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यात, यॉर्क हार्बरच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये पेज ब्लेअर या एपिस्कोपल धर्मगुरूंनी यू-टू या आयरिश बँडची गाणी जशीच्या तशी, शब्द न बदलता, गीतांच्या जागी घेतली. प्रार्थना पुस्तकातल्याच राहिल्या. पुढे अनेक चर्चनी हा प्रयोग केला, कुठे ध्वनिमुद्रण लावून, कुठे बँड बसवून, आणि दानार्पण गरिबी निर्मूलनाच्या कामाला दिलं. तिथे चाल शिकवावी लागत नाही, माणसं ती मैदानात गाऊनच आलेली असतात. हा मोठाच फायदा. पण ध्वनिमुद्रण लावलं तर त्यातला गायक कधीच मागे सरत नाही. मंडळी त्याच्या मागून गाते, आणि तो तिचं ऐकत नाही. बँड बसवून केलेली उपासना म्हणून मला जास्त खरी वाटते, जरी बँड कच्चा असला तरी.

चर्च ऑफ इंग्लंडच्या नियमांत, बी २० या कलमात, संगीताचा अंतिम निर्णय धर्मगुरूचा आहे, पण ऑर्गनवादकाच्या सल्ल्याला योग्य मान देऊन. यातला दुसरा भाग विसरला की वर्षानुवर्षं वाजवणारा माणूस राजीनामा देतो आणि ताटातूट होते. त्याला चाल आठवडाभर आधी द्यावी, सूरसंच लिहून द्यावेत, आणि एक कडवं त्याचं त्याला सोडावं. शब्द छापायला किंवा पडद्यावर दाखवायला तिकडे परवाना लागतो, इंटरनेटवर प्रक्षेपण करायला वेगळा. आपल्याकडे कॉपीराइट कायद्याचं ५२ वं कलम खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीतल्या गायनाला सूट देतं. चित्रीकरण करून इंटरनेटवर टाकताना ती सूट गृहीत धरू नये.

मराठी मंडळ्यांना हे सगळं वाचताना ओळखीचं वाटेल, कारण आपल्याकडे हे काम बोमाँटच्या अर्धं शतक आधी झालं होतं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ओवी, अभंग, पदं ख्रिस्ती उपासनेत आणली. ‘उपासना संगीत’ या मराठी गीतपुस्तकातली अडीचशेहून अधिक गीतं त्यांची आहेत. टिळक अँग्लिकन नव्हते, अमेरिकन मराठी मिशनचे होते. पण त्यांचं मोल ओळखणाऱ्यांत जॅक विन्स्लो हा इंग्रज अँग्लिकन धर्मगुरू होता. त्याने १९२३ मध्ये त्यांचं इंग्रजी चरित्र लिहिलं. त्याआधी, १९२० मध्ये, भारतातल्या प्रभुभोजनविधीवर पुस्तक काढून इंग्रजी प्रार्थनापुस्तकाचा विधी इथे अपुरा पडतो असं मांडलं, आणि पूर्वेकडच्या प्राचीन सिरियन चर्चच्या विधीचा आधार घेऊन मंडळीला अधिक प्रतिसाद देता येईल असा विधी सुचवला. १९२२ मध्ये नगर जिल्ह्यात त्याने ख्रिस्त सेवा संघ सुरू केला, तो पुढे पुण्यात आला. १९७० च्या नोव्हेंबरात नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा अँग्लिकन आणि टिळकांच्या परंपरेतल्या मंडळ्या एकाच छत्राखाली आल्या. त्यामुळे इंग्रजांनी बांधलेल्या दगडी चर्चमध्ये आज टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर म्हटली जातात.

आणि तिथेही इमारत आडवी येतेच. भजनात झील धरता धरता लय चढते, दुगुन होते, टाळ मोकळे वाजू लागतात. देवळाच्या उघड्या मंडपात ते अंगावर रोमांच आणतं. उंच कमानींखाली टाळांची ती धारदार किणकिण तीन-चार सेकंद वर लोंबत राहते आणि शब्द बुडतात. म्हणून टाळ तळहातात थोडे दाबून वाजवावेत, दुगुन शेवटच्या दोन आवर्तनांपुरतीच ठेवावी. पेटीवाल्याने तोंड मंडळीकडे करून बसावं, म्हणजे पुढची ओळ टाकायच्या आधी त्याला मागच्या बाकापर्यंतची झील पूर्ण ऐकू येईल.